कमरेइतके खड्डे

"उंच बघून दे की, भाभी. हे काय गुडघ्याएवढं?" केरबाण्णांनी रोपाशेजारी काठी उभी करून दाखवली.

गिऱ्हाइकाची हीच खोड. रोपवाटिकेत पाय ठेवला की मान वर. सगळ्यात उंच रोप कुठलं, तेच पाहिजे. म्हैस घेताना दात बघतात, शिंग बघतात, चार पावणे सोबत आणतात. रोप घेताना मूळ कुणी बघत नाही. आणि आम्ही विकणारे तरी कुठले शहाणे! उंच रोप म्हणजे न खपलेलं, दोन-दोन वर्षं पिशवीत कोंडलेलं रोप. ते आधी गेलं की आम्ही सुटलो. पंचवीस वर्षं मी हातकणंगल्याच्या या माळावर पिशव्या भरतेय. मला हे ठाऊक नव्हतं, असं कुठल्या तोंडानं म्हणू?

"वारं अडवायचं हाय न्हवं, आण्णा? मग रोपाची आजची उंची काय चाटायचीय?"

"लवकर वाढाय पायजे. बाहत्तरचा झालोय मी. अन् या खेपेस खड्डं पक्कं काढल्यात. चाळीस. तीन म्हैनं खपलोय."

'या खेपेस' म्हणाले आणि माझा हात पाण्याच्या झारीवरच थांबला.

अकरा वर्षांपूर्वी याच माणसानं आमच्याकडून सुरूची चाळीस रोपं नेली होती, पश्चिमेच्या बांधासाठी. त्यांच्या माळावरचं वारं भारी खट्याळ. केळी झोपवायचं, गोठ्याचा पत्रा उचलायचं. सुरूचं झाड वाढतंही झपाट्यानं. पाचव्या वर्षी झाडं घराच्या वर गेली आणि वाऱ्याचा माज उतरला. त्यांची बायको शालूबाई बाजारात भेटली की म्हणायची, "भाभी, आता चुलीतला जाळ चुलीतच ऱ्हातोय बघा."

गेल्या वैशाखात वळवाचं वादळ आलं. नऊ झाडं मुळासकट आडवी झाली. एक गोठ्यावर पडलं. शालूबाई आत म्हैस सोडवत होती.

गावानं निकाल देऊन टाकला, केरबानं खड्डे काढताना आळस केला. रक्षाविसर्जनाला सगळ्या भावकीसमोर त्यांचा मुलगा पिराजी बोलला, "आणि हातभर खणलं असतंसा तर आई ऱ्हायली असती." त्यानंतर तो बापाशी बोललाच नाही; उरलेली एकतीस झाडं तेवढी तोडून टाकली. एक घर, एक चूल, आणि शब्द नाही.

त्या दिवशी मीही गेले होते. पडलेलं झाड अजून तिथंच होतं. मी वाकून मुळं बघितली. झाड चाळीस फूट, आणि मुळं पिशवीएवढ्या जागेत गोल गोल फिरून एकमेकींना आवळून बसलेली. दहा वर्षं जमिनीत राहूनही पिशवीचाच आकार! ती रोपं मी माझ्या हातानं टेम्पोत चढवली होती. दोन वर्षं पडून असलेला माल.

घरी येऊन नवऱ्याला, गौसला, सांगितलं. तो म्हणाला, "चूप बैठ. धंदा नाम पे चलता." आणि मी बसले की चूप. वर्षभर. लाज वाटते सांगायला, पण बसले.

आणि आता हा म्हातारा माझ्याच दारात उंच रोप मागत होता.

"उंच देणार न्हाई, आण्णा."

"का? पडून हाईत की तिकडं!"

मी त्यातलंच सुरूचं एक उंच रोप उचललं आणि विळ्यानं पिशवी उभी फाडली. माती झटकली. मुळांचं वेटोळं त्यांच्यापुढं धरलं.

"तवा असलीच दिलतीसा?"

"व्हय."

"म्हंजे... खड्डं?"

"खड्ड्यांचा काय बी संबंध न्हाई, आण्णा. तुमचं खड्डं बरोबर हुतं. पाप आमच्या पिशवीचं हाय."

ते मातीच्या ढिगावर मटकन बसले. शिव्या देतील म्हणून मी वाट बघत होते. दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं. गौस पाइप धरून टाकीपाशी उभा होता, त्यानं सगळं ऐकलं होतं. तो मान खाली घालून पाइप गुंडाळायला लागला.

"पिऱ्याला सांगशील?" आण्णा म्हणाले. "माझं तो ऐकायचा न्हाई."

त्यांनी भाड्यानं आणलेल्या टेम्पोत मी करंजाची चाळीस रोपं भरली, गुडघ्याएवढी, या वर्षीची. शेवरीचं बी बांधून घेतलं. वाटेत सांगत गेले, "पुढच्या रांगेला शेवरी टोका. वर्षात माणसाच्या वर जाती. पाच-सा वर्षांत खलास हुईल, पण तवर मागचा करंज मूळ धरतोय."

आण्णा बोटांवर वर्षं मोजत होते.

मी बांधावर गेले आणि खड्डे बघितले. या अल्ला! चाळीसच्या चाळीस कमरेइतके. तसल्या मुरमात, या वयात, एकट्यानं, पहारीनं. मला तिथंच रडू आलं.

"एवढ्या खोलात रोप कुजतंय, आण्णा. निम्मं भरून घ्याय लागतील."

तेवढ्यात पिराजी आला. मी वळसे न घेता सगळं सांगितलं आणि ते फाडलेलं रोप त्याच्या हातात दिलं. त्यानं बोटानं वेटोळं सोडवून बघितलं. सुटेना.

"कवा कळलं तुमास्नी?"

"रक्षाविसर्जनाला आलते, तवाच."

"आन् आज सांगताय?" त्याचा आवाज चिरकला. "वर्ष झालं भाभी, मी बापाला 'जेवा' म्हनलो न्हाई!"

"चावडीवर येऊन सांगती, म्हनशील तिथं सांगती," एवढंच म्हणाले. हात जोडले नाहीत. माफी मागायची माझी लायकी नव्हती.

आण्णांनी एव्हाना खोरं घेऊन पहिल्या खड्ड्यात माती ओढायला सुरुवात केली होती. दर खोऱ्याला थांबून दम खात होते. पिराजीनं हातातलं रोप खाली ठेवलं. मग जाऊन त्यानं खोऱ्याला हात घातला.

"द्या हिकडं."

"ऱ्हाऊ दे. करतो मी."

"आबा, द्या म्हनतोय न्हवं?"

आण्णांनी खोरं सोडलं. रिकामे हात कुठं ठेवावेत ते त्यांना कळेना.

मी रोपं एकेक करून बाभळीच्या सावलीला मांडली. आमच्या भागात भांडायला आलेल्यालाही आधी चहा पाजतात. मला त्या दिवशी कुणी पाण्याचंही विचारलं नाही. ते बरोबरच होतं. चाळीस रोपं मोजून झाल्यावर मी पदराला हात पुसले आणि टेम्पोत जाऊन बसले.