काचेमागची रिकामी कव्हरं

ग्रंथपाल करुणाबाईंचा राग रत्नागिरीतल्या त्या वाचनालयात सगळ्यांनाच ठाऊक होता. पण त्या सोमवारचा राग वेगळा होता, आणि तो कार्याध्यक्ष सर्वेशभाऊंनी स्वतःच्या हाताने ओढवून घेतला होता.

पाय मोडल्यामुळे बाई उन्हाळाभर घरी होत्या. परत येऊन बघतात तर डीव्हीडी विभागाचं रूपच पालटलेलं. जुन्या रॅकच्या जागी काचेचं कपाट, आत दिवे, आणि कव्हरं अशी मांडलेली जशी सोनाराच्या दुकानात हार. बाई मनात म्हणाल्या, चला, सर्वेशभाऊंनी एवढं तरी बरं केलंन.

तेवढ्यात जयगडहून मनाल आली. गुरुवारी तिची हळद होती. ती रांगत होती तेव्हा तिची आई मैमुना वारली. त्याच्या थोडंच आधी करुणाबाईंनी जयगडला जाऊन तिथल्या बायकांची लग्नातली गाणी वाचनालयासाठी चित्रित केली होती, आणि त्यात मैमुना गायली होती. त्याची एकच डीव्हीडी होती. मनालला आईचा आवाज ऐकलेला आठवतच नव्हता.

"हळदीला सगळ्यांच्या आया गातात, मॅडम," ती म्हणाली. "माझी पण गाऊ दे."

काचेमागे मैमुनाचा फोटो असलेलं कव्हर झळकत होतं. अर्थात ते रिकामं होतं. वाचनालयाची पद्धतच तशी होती. कव्हरं बाहेर रॅकवर, आणि डिस्क कागदी पाकिटांत घालून काउंटरमागच्या लोखंडी कपाटात. खारी हवा लागू नये, कोणी खिशात घालून नेऊ नये म्हणून. कव्हर आणून दाखवायचं, बाई डिस्क काढून देणार. शेंबड्या पोरालाही हे माहीत होतं. बाईंनी लोखंडी कपाट उघडलं. आत प्लास्टिकची फुलं आणि रंगाचे डबे होते.

त्यांनी सर्वेशभाऊंना फोन लावला.

"त्या सुट्या चकत्या होय? अहो, कव्हर नाही, काही नाही, म्हटलं खराब झालेल्या असतील. हातखंब्याच्या आमच्या बागेत टांगल्या. यंदा वानरं फिरकली नाहीत बघा. चांगल्या त्या सगळ्या काचेच्या कपाटात आहेत की."

बाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. माणसाने वाचनालयाचा कार्याध्यक्ष व्हावं आणि आयुष्यात एक कव्हर उघडून बघू नये? कपाटाला हजारोंचे दिवे लावले, पण आत काय आहे हे बघायला एक बोट लावलं नाही त्याने. एरवी बाईंनी फोनवरच त्याची सालटी काढली असती. पण मनाल समोर उभी होती. त्यांनी स्कूटर काढली, तिला मागे बसवलं आणि हातखंब्याकडे निघाल्या. वाटेत त्या एकट्याच बोलत होत्या, आणि जे बोलत होत्या ते इथे सांगण्यासारखं नाही.

बागेत झाडाझाडाला डिस्क लटकत होत्या, तंगुसाच्या दोरीने बांधलेल्या, उन्हात गरगरणाऱ्या. पुष्कळांवरची अक्षरं उडाली होती. दुपार टळेपर्यंत दोघी एकेक फांदी खाली ओढून बघत राहिल्या. शेवटी मनालला एका डिस्कच्या आतल्या कडेला 'जयगड' एवढं फिकट दिसलं. तिने ती ओढणीत गुंडाळली आणि परत येईपर्यंत छातीशी धरून ठेवली.

वाचनालयात आल्या तर सर्वेशभाऊ हजर. बाईंनी डिस्क पुसून प्लेअरमध्ये घातली. पडदा काळाच राहिला. पुन्हा पुसली, दुसऱ्या प्लेअरमध्ये घातली, संगणकावर भरलेली घरगुती डिस्क उन्हात टिकत नाही हे ठाऊक असून पुन्हा घातली. काही नाही.

"ते कव्हर तरी द्या मला," मनाल म्हणाली. "आईचा फोटो आहे."

"देऊ की, नाही कुठे म्हणतो," सर्वेशभाऊ म्हणाले. "फक्त या कपाटाचं उद्घाटन होऊन जाऊ दे. मधेच जागा मोकळी दिसेल."

"भाऊ, तुम्ही आता गप्प बसा," करुणाबाई म्हणाल्या. "या पोरीची आई तुम्ही वानरांना घातलीत. मोकळी जागा दिसू दे सगळ्यांना. कोणी विचारलं तर तुमच्यासमोर सांगेन, का मोकळी आहे ते." त्यांनी काच सरकवली, कव्हर काढून मनालच्या हातात दिलं. सर्वेशभाऊंचं तोंड एवढंसं झालं. ते चष्मा पुसत बसले.

मनालने कव्हर उघडून बघितलं, मिटलं. मग बाईंकडे वळली.

"तुम्ही होतात ना तिथे? तुम्ही ऐकलंत ना तिला? कसा होता आवाज?"

बाईंनी तोंड उघडलं. त्यांना मैमुनाची हिरवी साडी आठवली. कॅमेऱ्याची बॅटरी संपत आली होती ते आठवलं, पंखा फार वाजत होता म्हणून त्यांनी तो बंद करायला लावला होता तेही आठवलं. आवाज आठवेना. डिस्क होती ना, म्हणून त्यांनी तो लक्षात ठेवलाच नव्हता.

मनाल वाट बघत उभी होती.