धागा तोडणारा दात

मी शिंपीमास्तरांचा वरचा, पुढचा दात बोलतोय. ते सात वर्षांचे असताना मी हिरडी फोडून बाहेर आलो. दिवसभर जिभेने मला चाचपत होते! तेवढं कौतुक पुन्हा कधी वाट्याला आलं नाही.

काम मात्र भरपूर आलं. कात्री हाताशी असली तरी मास्तर धागा माझ्यानेच तोडायचे. बटण लावलं, की कट्! माझ्या कडेला खाच पडली. मला तिचा अभिमानच वाटायचा.

मग हिरडीतून रक्त येऊ लागलं. मास्तरांनी धंद्यातलं शहाणपण चालवलं: कापड विरलंय तिथे ओढायचं नाही. माझ्यावर ब्रश फिरवणंच त्यांनी सोडलं. सगळं मायेपोटी! त्या लाडात जंतूंनी माझ्याभोवती थर बांधला, हिरडी सुजली, आतलं हाड झिजलं आणि मी डुलू लागलो.

एकदा पांढऱ्या सदऱ्यावर लाल ठिपका उमटला.

"बाबा, सुई टोचली?" लेकीने विचारलं.

"हो."

"ओठावर?"

मास्तरांनी ओठ पुसला. लेकीने त्यांना थेट दातांच्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं.

"कॅन्सर तर नाही ना हो?" मास्तरांचा आवाज इतका बारीक मी कधी ऐकला नव्हता.

"तसं काही दिसत नाही. पण ज्यांच्या हिरड्या वर्षानुवर्षं सुजलेल्या असतात, त्यांच्यात काही कॅन्सर थोडे जास्त आढळतात. कॅन्सरच्या काही गाठींत तोंडातले जंतूही सापडलेत. त्यांच्यामुळेच कॅन्सर होतो, हे अजून सिद्ध झालेलं नाही. पण ही सूज घालवणं आपल्या हातात आहे. बाकीचे दात वाचतील. हा मात्र काढावा लागेल."

"मग राहू द्या सगळंच," मास्तर उठले. "बोळक्या तोंडाने गिऱ्हाइकांसमोर हसू कसा?"

माझ्यासाठी ते सगळ्या बत्तिशीवर पाणी सोडायला निघाले होते! मला ओरडावंसं वाटलं.

"मिशा वाढवा," लेक म्हणाली. "पण उद्या इथे यायचं म्हणजे यायचं." तिने त्यांची बाही घट्ट धरली.

मास्तर खाली बसले. "किती वाजता?"

आज तो दिवस. मी जातोय, आनंदाने. तुमच्या हिरडीतून रक्त आलं, तर ती आमची हाक समजा. ब्रश दूर ठेवू नका. हळुवार फिरवा आणि डॉक्टरांना दाखवा.

सकाळी मास्तरांनी कितीतरी वर्षांनी मला घासलं. अगदी हलक्या हाताने. थोडं रक्त आलं. त्यांनी हात थांबवला नाही.