तेविसावा कोरडा दिवस

“वहिनी, आज तरी?” दिराने दारातूनच विचारलं.

“नाही.”

“एकही नाही?”

“एक सापडला असता तर मी अशी तोंड पाडून बसले असते का, भावजी?”

 हातातला स्क्रूड्रायव्हर खिशात घालून भावजी स्टुलावर टेकले. घरातली ही मागची खोली एकेकाळी अडगळीची होती. आता तिथे एक संगणक होता, भिंतीलगत डिजिटल नाणी मिळवणारी दोन मायनिंग मशीन घोंघावत होती आणि खिडकी उघडी ठेवूनही खोली तापलेली असायची. पडद्याच्या कोपऱ्यात तेवीस हा आकडा होता. शेवटचा ब्लॉक सापडल्याला तेवीस दिवस झाले होते.

खुर्चीत बसलेल्या बाईंना सगळे कॅशिअरबाई म्हणत. बँक बुडून सहा वर्षं झाली, नवरा जाऊन चार, पण हे नाव काही त्यांना सोडून गेलं नाही. सव्वीस वर्षं त्या एका छोट्या बँकेच्या काउंटरवर बसल्या. एके सकाळी वरून हुकूम आला आणि शटर अर्ध्यावर ओढलं गेलं. बाई आत होत्या, खातेदार बाहेर. त्यांना बाहेरचे फक्त पाय दिसत होते आणि त्या पायांवरून त्या माणसं ओळखत होत्या. एका म्हातारीने शटरखालून आपलं पासबुक आत सरकवलं. बाईंनी ते उचललं, पण त्याच्या बदल्यात द्यायला त्यांच्याकडे काहीच नव्हतं. तो प्रसंग त्या कुणाला सांगत नसत. पण पुढे जे काही त्यांनी केलं, ते त्या पासबुकामुळेच केलं.

आता त्या मायनिंगचा पूल चालवत होत्या. पूल म्हणजे काय, हे त्या येईल त्याला एकाच पद्धतीने समजावत. “समजा, आकड्यांचं एक अवाढव्य कुलूप आहे. अंदाजानेच उघडायचं. उघडलं की ब्लॉक सापडला, आणि बक्षीस मिळालं. तुझ्या एकट्याच्या मशीनला त्याला वर्ष लागेल, तेही नशीब धड असेल तर. ऐंशी मशीन एकत्र लावली तर सरासरी चार दिवसांनी एक उघडतं. मग बक्षीस वाटून घ्यायचं.”

“पण कुणी किती मेहनत केली, हे कसं कळणार?”

“मशीन थोड्या थोड्या वेळाने जवळपासची उत्तरं पाठवतं. त्यांनी कुलूप उघडत नाही, पण मशीन झोपा काढत नाही, एवढं कळतं. त्यांना हिस्से म्हणायचं. हिस्से मोजायचे, त्याप्रमाणे पैसे.”

पैसे देण्याच्या मात्र दोन तऱ्हा होत्या. बहुतेक पूल ब्लॉक सापडला की मगच वाटप करत. सापडला नाही तर सगळे सारखेच उपाशी, चालवणाऱ्याला घोर नाही. दुसरी तऱ्हा म्हणजे हिश्शाला ठरलेला दर, रोजच्या रोज, ब्लॉक सापडो न सापडो. यात वाईट दिवसांचा सगळा भार चालवणाऱ्याच्या डोक्यावर. त्या बदल्यात तो शेकडा चार कापून घेतो. जाणत्या लोकांनी बाईंना बजावलं होतं की छोट्या पुलाने या भानगडीत पडू नये. बाईंनी ऐकून घेतलं आणि दुसरी तऱ्हा निवडली. बँकेतून मिळालं ते आणि नवऱ्याच्या विम्याचं, असं सगळं मिळून अडीच महिने एकही ब्लॉक सापडला नाही तरी पुरेल एवढी गंगाजळी त्यांनी बाजूला ठेवली. दररोज संध्याकाळी सहाला प्रत्येकाला पैसे पोचत. तीन वर्षांत एकदाही सहाचे सव्वासहा झाले नव्हते.

ऐंशी मशीनची माणसं साधीच होती. कुणी कंपाउंडर, कुणी शिवणकाम करणारी, कुणी छपाईचं दुकान चालवणारा. एकटा शीतगृहाचा मालक तेवढा बडा, त्याची बारा मशीन होती. आणि या सगळ्यांच्या मशीनचा डॉक्टर म्हणजे भावजी. मोटारी आणि पंप दुरुस्त करण्यात हयात गेलेली, आणि भाऊ गेल्यावर वहिनीला हा उद्योग मांडून देण्यात त्यांनी जिवाचं रान केलं होतं. कुणाच्या मशीनचा पंखा अडकला की भावजी सायकलवर टांग मारून हजर. पैसे विचारले तर म्हणायचे, “वहिनीच्या पुलातलं मशीन म्हणजे घरचंच की.”

गेले चार महिने मात्र काहीतरी बिनसलं होतं. चार दिवसांना सापडणारा ब्लॉक आधी पाचाला, मग आठाला, मग बाराला सापडू लागला. तीस सापडायला हवे होते तिथे अकरा सापडले. गंगाजळी आटत चालली होती. आणि आता हे तेवीस दिवस. आणखी पाच संध्याकाळी पुरतील एवढंच उरलं होतं.

“नशीब फिरलं की असंच,” भावजी म्हणाले. “येईल ताळ्यावर.”

बाईंनाही इतके दिवस तसंच वाटत होतं. पण त्या दिवशी त्यांना स्वतःचीच लाज वाटली. काउंटरवर रोकड जुळली नाही तेव्हा त्यांनी कधी नशिबाला बोल लावला नव्हता, पुन्हा पहिल्यापासून मोजलं होतं. त्यांनी अकरा ब्लॉकची यादी काढली आणि कोणता कुणाच्या मशीनला सापडला ते शेजारी लिहिलं. सगळे त्याच त्या आठ-नऊ मशीनना सापडले होते. बाकीची मशीन हिस्से भरभरून पाठवत होती, पण कुलूप एकालाही उघडता आलं नव्हतं.

“भावजी, तुमची वही द्या जरा.”

“कसली?”

“मशीन दुरुस्तीची.”

भावजींनी वरच्या खिशातली तेलकट वही काढून दिली. त्यात त्यांनी एक काम मोठ्या अभिमानाने नोंदवलेलं होतं. मशीनच्या घरघरीने घरोघरी भांडणं होत होती, शेजारी तक्रारी करत होते, म्हणून त्यांनी कुठूनसा एक बदललेला प्रोग्राम मिळवला होता. त्याने पंखा हळू फिरायचा, मशीन कमी तापायचं आणि विजेचं बिलही उतरायचं. चार महिन्यांत त्यांनी तो बावन्न मशीनमध्ये घातला होता. प्रत्येक नावापुढे तारीख होती.

बाई एकेक नाव यादीशी ताडून बघत गेल्या. वहीतल्या एकाही मशीनला त्या तारखेनंतर ब्लॉक सापडला नव्हता. एकालाही नाही. उत्तर सापडलं होतं आणि ते समोर स्टुलावर बसून कपाळाचा घाम पुसत होतं.

“एक करून बघू,” त्या शक्य तितक्या सहज म्हणाल्या. “गेल्या वर्षी उघडलेलं एक कुलूप आहे. त्याचं उत्तर आपल्याला माहीत आहे. ते या दोन मशीनना घालू, अगदी उत्तराजवळून सुरू करून. दोघांनीही उघडायला पाहिजे.”

भिंतीलगतच्या दोन मशीनपैकी एक जुनं होतं, भावजींनी अजून हात न लावलेलं. दुसऱ्यात नवा प्रोग्राम होता. जुन्याने पाच सेकंदांत उत्तर दिलं आणि पडद्यावर हिरवी ओळ उमटली. दुसरं चालत राहिलं. त्याने चार हिस्से पाठवले, पाच पाठवले, आणि खरं उत्तर जिथे यायला हवं होतं तिथून ते निमूट पुढे निघून गेलं.

“वायर सैल असेल,” भावजी म्हणाले. त्यांनी वायर काढून पुन्हा बसवली. “आता घाला.”

पुन्हा तेच झालं. भावजींनी मशीन बंद करून चालू केलं. तिसऱ्यांदाही तेच झालं तेव्हा ते तिथेच जमिनीवर बसले.

“असं कसं होईल, वहिनी? हिस्से तर पाठवतंय!”

“जवळपासची उत्तरं पाठवतंय. कुलूप उघडणारं खरं उत्तर आलं की त्याला ते चुकीचं वाटतं आणि ते टाकून देतं.” बाईंनी खुर्ची वळवली. “तुम्हाला ठाऊक नव्हतं. मलाही नव्हतं.”

“म्हणजे चार महिने बावन्न मशीनचे पैसे तुम्ही फुकट...”

“फुकट कसे? त्यांनी वीज जाळली आहे.”

 साठीच्या माणसाला असं जमिनीवर बसलेलं बघवत नाही. बाईंनी पाण्याचा ग्लास पुढे केला तर त्यांनी तो घेतला नाही. थोड्या वेळाने एकदम उठून म्हणाले, “वहिनी, कुणाला काही सांगू नका. मला दोन दिवस द्या. सगळी मशीन पहिल्यासारखी करतो. पाच संध्याकाळचे पैसे आहेत ना? तेवढ्यात एक तरी ब्लॉक सापडेल, आणि गाडी रुळावर येईल. लोकांना सांगितलंत तर पूल आजच बसेल!”

त्यांचं चूक नव्हतं. मशीन दुरुस्त झाल्यावर पाच दिवसांत एखादा ब्लॉक सापडण्याचीच शक्यता जास्त होती, बाईंना ते गणित येत होतं. न सापडण्याचं गणितही येत होतं. तसं झालं तर सहाव्या संध्याकाळी शटर अर्ध्यावर येणार होतं आणि त्या पुन्हा आत असणार होत्या.

“नाही, भावजी,” त्या म्हणाल्या. “त्यांची मशीन आहेत. दुसरीकडे जायचं की इथे थांबायचं, हे आजच त्यांना ठरवू दे.”

दुसऱ्या दिवशी दुपारी शीतगृहाच्या मालकाने आपल्या गोदामाची पुढची खोली दिली. पन्नासेक माणसं आली. निघण्यापूर्वी बाईंनी भावजींना बजावलं होतं, “तुम्ही बोलायचं नाही. मी बोलेन.”

त्यांनी आडपडदा न ठेवता सांगितलं. किती मशीनमध्ये दोष होता, किती पैसे गेले, किती उरले. “मशीनमध्ये काही नवं घालायचं तर आधी तपासायचं, असा नियम मी करायला हवा होता. मी केला नाही. चूक माझी आहे. दिलेले पैसे तुमचे आहेत, कुणाकडून एक पैसाही परत घेणार नाही. शिल्लक आहे तोवर रोज सहाला मिळतील.”

“बाई, मी सुचवू का?” शीतगृहाचा मालक म्हणाला. माणूस वाईट नव्हता. “हे रोजचे पैसे थांबवा. इतरांसारखं करा, ब्लॉक सापडला की द्या. शिल्लक तुम्हाला राहील, पूलही वाचेल.”

“पुढचं तसं करता येईल. पण आज सकाळपासून जे हिस्से आले, ते ठरलेल्या दराने आलेत. ते आजच द्यायचे.”

“पण तो प्रोग्राम घातला कुणी?” मागून कंपाउंडरने विचारलं. खोलीत चुळबुळ झाली. तशी बहुतेकांना कल्पना होतीच, पण उत्तर बाईंच्या तोंडून हवं होतं.

“पूल माझा आहे,” बाई म्हणाल्या. “मला विचारा.”

तेवढ्यात भिंतीशी उभे असलेले भावजी पुढे आले. “मी घातला,” ते म्हणाले. “वहिनींना विचारलंसुद्धा नाही. मला वाटलं, चांगलं करतोय.”

 शिवणकाम करणारी बाई पदराने डोळे टिपत म्हणाली, “भावजी, माझे सासरे तुमच्यामुळे दुपारी झोपायला लागले हो.” ती हे मनापासून म्हणाली होती, पण ते ऐकून भावजींनी मान जी खाली घातली ती वर केलीच नाही.

लोक रागावले नाहीत, उलट जाताना बऱ्याच जणांनी बाईंना नमस्कार केला. पण पाच दिवसांची शिल्लक उरलेल्या पुलात कोण राहणार? मशीन दुसऱ्या पुलाला जोडायला पत्त्याची एक ओळ बदलावी लागते, झालं. त्या संध्याकाळीच तीस मशीन गेली. शीतगृहाची बारा दुसऱ्या दिवशी गेली, मालकाने तेवढा फोन केला. शिवणकामवाली तिसऱ्या दिवशी गेली. भावजी सायकलवर घरोघर फिरून बावन्न मशीनमध्ये जुना प्रोग्राम घालत होते, म्हणजे निदान परक्या पुलात तरी ती धड चालावीत. कुठे चहाही घेत नसत. बाई रोज सहाला पैसे देत होत्या. माणसं कमी होत गेली तशी शिल्लक पाच दिवसांपेक्षा जास्त पुरली, आणि ब्लॉक मात्र सापडला नाही.

नवव्या दिवशी बाईंनी आपली दोन मशीन विकायला काढली आणि पडद्यावरची यादी उघडली. तिच्यात आता एकच नाव उरलं होतं. त्यांनी फोन लावला.

“भावजी, तुमच्या दुकानातलं मशीन अजून इथेच जोडलेलं आहे.”

“असू दे.”

“एकट्या मशीनला वर्ष लागेल.”

“लागू दे. मला कसली घाई आहे?” भावजी म्हणाले. “फक्त एक ऐका, वहिनी. मला पैसे पाठवू नका. एवढं तरी करू द्या मला.”

बाईंनी पडद्याकडे पाहिलं. सकाळपासून आलेले हिस्से तिथे होते. एक चहा येईल, इतकेच त्याचे पैसे होत होते. सहाला दोन मिनिटं कमी होती.

“हिस्से दोनशे चौदा आहेत,” त्या म्हणाल्या. “मी तपासलेत. सगळे बरोबर आहेत.”

“वहिनी, नको ना...”

बाईंनी सहा वाजू दिले आणि पैसे पाठवले.

“मिळाले?”

 भावजी म्हणाले, “मिळाले.”

फोन ठेवून बाईंनी हिशेबाची वही ओढली. त्या दिवसाच्या पानावर एकच ओळ होती. तिच्याखाली त्यांनी बेरीज मांडली, पट्टी लावून रेघ मारली आणि सही केली.