समाधानी हमाल

आमच्या अभय सरांनी चीन बघितला तो बसच्या काचेतून, तोही थेपले खात खात. तरी अहवालाच्या कव्हरवर फोटो कोणाचा? पिवळं हेल्मेट घातलेला त्यांचाच. खाली ठळक अक्षरात, ‘चीनमधील सामाजिक विकास: भारतीय व चिनी विद्यार्थ्यांचे संयुक्त क्षेत्रीय संशोधन’. क्षेत्र म्हणजे काय, तर हॉटेलपासून वीस मिनिटांवरचं एक भाजीचं घाऊक मार्केट, आणि त्यातही तिथली एसी मीटिंग रूम.

मी क्रांती. एमएचं दुसरं वर्ष. दहा जणांच्या टीममध्ये मला घेतलं ते काही हुशार म्हणून नाही हो. आमचे आप्पा, म्हणजे माझे वडील, वाशीच्या कांदा-बटाटा मार्केटात एकतीस वर्षं माथाडी आहेत, गोण्या वाहतात. सर मला सगळ्यांपुढे उभी करून सांगायचे, “ही आपल्या टीमची ग्रासरूट.” जसं काय मी कोथिंबिरीची जुडीच.

विषय असा होता की तिकडच्या मार्केटात माल चढवायला-उतरवायला सरकते पट्टे आले, मशीन आली, मग हमालांचं काय झालं? हा प्रश्न नुसता मार्कांपुरता नव्हता. आप्पा काम करतात त्या गाळ्यांच्या ओळीतल्या काही व्यापाऱ्यांना वाशीत तेच पट्टे बसवायचे होते. त्यांनी सरांना सांगून ठेवलेलं, चीनचा अहवाल येऊ द्या, मग ठरवतो. म्हणजे आप्पांच्या टोळीतल्या चौदा माणसांचं काम त्या अहवालावर अडकलेलं. सरांना हे माहीत होतं आणि मलाही माहीत होतं.

पद्धत अशी होती: आमचा एक विद्यार्थी आणि त्यांचा एक, दोघांनी मिळून मुलाखत घ्यायची, फॉर्म भरायचा, शेवटी अहवालावर दोघांनी सही करायची. माझी जोडीदार यान. बारीक आवाजाची, सारखी चष्मा पुसणारी. तिचे आजोबा बांबूच्या दोन टोकांना टोपल्या लटकवून ओझी वाहायचे, हे तिनं मला पहिल्याच दिवशी सांगितलं. आमची तिथंच गट्टी जमली.

मीटिंग रूममध्ये पंचवीस ‘माजी हमाल’ बसवलेले. सगळ्यांची निळी जाकिटं कोरी करकरीत, घडीच्या रेघा तशाच. समोर संत्री, गरम पाण्याचे थर्मास. मी पहिल्याशी हात मिळवला आणि चरकलेच. तळवा मऊ! बोटाला पेनाची शाई. अगं बाई, म्हटलं, हा कसला हमाल? गोणी वाहणाऱ्याच्या मानेवर, पाठीच्या वर, घट्टा पडतो. काम सोडून दहा वर्षं झाली तरी तो जात नाही. लहानपणी मी आप्पांच्या घट्ट्यावर खोबरेल चोळायचे, मला कोण फसवणार? फोटोच्या निमित्तानं मी सगळ्यांच्या मागून एक चक्कर मारली. पंचवीस माना, पंचवीस गुळगुळीत. एकावरही घट्टा नाही.

मी यानला कोपऱ्यात घेऊन सांगितलं. तिनं स्वतः जाऊन दोन-चार माना बघितल्या आणि तिचा चेहराच उतरला. मग ती फरशी पुसणाऱ्या बाईपाशी जाऊन हळूच काहीतरी बोलून आली. “हे ऑफिसातले लोक आहेत,” ती म्हणाली. “खरे हमाल मशीन आली त्याच महिन्यात गावी गेले. कुठल्या गावी, ते तिलाही माहीत नाही.”

मी सरांना गाठलं. सर संत्रं सोलत होते. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, “क्रांती, माना हा आपला व्हेरिएबल नाही. ऑब्जेक्टिव्ह राहा.”

घ्या! निष्कर्ष निघाला, पंचवीसपैकी चोवीस समाधानी. पंचविसावा तेव्हा बाथरूमला गेला होता.

अहवालावर सही नाही तर मार्क नाहीत, मार्क नाहीत तर एमए नाही. केली मी सही. यानंही केली. घरी आल्यावर मी आप्पांना सगळी गंमत अगदी नकला करून सांगितली. जेवता जेवता आप्पा पोट धरून हसले. मग म्हणाले, “आन् सही?”

“केली.”

त्यांनी भाकरीचा तुकडा मोडला आणि कालवणात बुडवला.

जानेवारीत चिनी टीम इकडं आली. सर जोरात होते. व्यापाऱ्यांच्या माडीवरच्या ऑफिसात अकराची वेळ ठरली; अहवालही तिथंच द्यायचा होता आणि एका भारतीय हमालाची मुलाखतही. मला वाटलं, हा माणूस आता आमच्या कॉलेजच्या क्लार्कला टोपी घालून बसवणार. एवढीच त्याची अक्कल, असं मी यानला सांगूनही ठेवलं. जिना चढून वर गेले तर खुर्चीवर आप्पा बसलेले. इस्त्रीचा शर्ट, पांढरी टोपी, हात मांडीवर.

यानला काही सांगावं लागलं नाही. तिनं नमस्कार केला आणि खुणेनंच विचारलं, मान बघू का? आप्पांनी कॉलर सैल करून मान खाली घातली. काळा, जाड, जुन्या चपलेच्या टाचेसारखा घट्टा. यान त्यावर दोन बोटं ठेवून उभी राहिली, तिचे डोळे भरले. माझ्याकडे बघून तिनं मान हलवली. हा खरा.

मग तिनं फॉर्मवरचा प्रश्न चौदा इंग्रजीत विचारला. मशीन आलं तर तुम्ही समाधानी असाल का? सरांनी मराठी करून सांगितलं.

“होय,” आप्पा म्हणाले. “यांत्रिकीकरणाचे मी मनापासून स्वागत करतो.”

माझ्या कानावर विश्वास बसेना. आमचे आप्पा! सरांनी लगेच त्याचं इंग्रजी केलं, व्यापारी खूश होऊन खुर्चीत मागे रेलले, आणि यान बिचारी चौकोनात खूण करायला वाकली.

“थांब!” मी तिचा हात धरला. “आप्पा, हे कोणी पढवलं तुम्हाला?”

“क्रांती, प्लीज. प्रोसेस चालू आहे,” सर म्हणाले.

“सर घरी आल्ते,” आप्पा म्हणाले. “म्हणले, पोरीचं यंदाचं वरीस हाय, तेवढं सांभाळा.”

“म्हणून खोटं बोलायचं? अख्खी टोळी घरी बसेल, आप्पा!”

आप्पांनी कॉलरचं बटण लावलं. “तू बी सही केलीसच की, क्रांते.”

मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्या निळ्या जाकिटवाल्यांना मी महिनाभर हसत होते. त्यांना बिचाऱ्यांना निदान वरून हुकूम तरी असेल. मला कोणी हुकूम केला होता? मी आपणहून, चांगलं निळं पेन घेऊन, वळणदार अक्षरात सही ठोकली होती.

अहवालाची प्रत टेबलावरच होती. शेवटचं पान उघडलं आणि माझी सही खोडली, कागद फाटेपर्यंत खोडली. यान काय ते समजली. तिनं पेन मागून घेतलं आणि स्वतःची सहीही खोडली.

“वर्ष जाईल तुझं!” सर ओरडले.

“जाऊ दे. तुमचा फोटो चांगला आलाय, तो लावा घरी.”

व्यापाऱ्यांत कुजबुज सुरू झाली. मी कोरा फॉर्म ओढला, आप्पांसमोर खुर्ची घेतली. “प्रश्न चौदा. मशीन आलं तर काय होईल?”

आप्पांनी सरांकडं बघितलं, व्यापाऱ्यांकडं बघितलं. हात मागं नेऊन मान चोळली.

“लिव्ह,” ते म्हणाले. “चौदा मानसं घरी बसत्याल. नावं सांगतो. नामा. बाबासो. बाजीराव...”

मी लिहायला लागले.