नऊला सुटते, एकला लागते

बाबा सदतीस वर्षं बसस्थानकावर कंट्रोलर होते. कुठलीही गाडी किती तासांची, हे काढायची त्यांची एकच रीत: लागायच्या वेळेतून सुटायची वेळ वजा करायची. लेक दूरदेशी नोकरीला लागली आणि पहिल्यांदा सुट्टीवर आली, तेव्हा तिच्या विमानालाही त्यांनी तीच मोजपट्टी लावली.

"नऊला सुटली, एकला लागली. म्हणजे चार तास! अगं, आमची घाटातली गाडी याहून जास्त घेते."

खरं तर मध्ये दहा हजार किलोमीटर होते आणि प्रवास जवळजवळ बारा तासांचा. इथलं घड्याळच तिथल्यापेक्षा साडेसात तास मागे. पण बाबांचा चेहरा असा काही उजळला होता, की तिला ते मोडवेना. "हो ना," ती म्हणाली. त्याच हिशेबाने परतीचा प्रवास एकोणीस तासांचा व्हायचा. त्यावरही बाबांचं उत्तर तयार: "जाताना लेट होणारच. गाडीचाही पाय निघत नसेल."

अकरा वर्षं हे चाललं. 'लेक फार लांब हो तुमची,' असं गल्लीत कुणी म्हणालं, की बाबा हात झटकत. "कसली लांब? चार तासांवर तर आहे."

आता ती त्यांचं कपाट आवरत होती. इस्त्रीचे शर्ट, प्रत्येकाच्या खिशाला शाईचा ठिपका. दारात शेजारच्या शिवणवाल्या मावशी येऊन उभ्या राहिल्या. मोजायची टेप गळ्यात तशीच.

"एक विचारू? सोमवारी सकाळीच ते पडले गं. मी म्हटलं, पोरीला कळवते. तर माझ्यावरच डाफरले. 'तिची रजा कशाला वाया घालवता? लागलंच तर बोलावू, जेवायच्या आत येईल.' मंगळवारी संध्याकाळी मला राहवेना, तेव्हा केला फोन."

फोन येताच तिने पहिलं विमान पकडलं होतं. बुधवारी एकला ते उतरलं. बाबा अकराला गेले होते.

"सोमवारीच केला असता, तर..." मावशी टेपचं टोक बोटाला गुंडाळत राहिल्या. "भेट झाली असती का गं?"

मंगळवारी दुपारीच ती इथे पोचली असती. मंगळवारी बाबांनी दोन घास खाल्ले होते, चहात साखर कमी म्हणून कुरकुरलेही होते. मावशींनीच सांगितलं होतं. अकरा वर्षांत एकदा नुसतं 'बाबा, बारा' म्हणायला हवं होतं.

तिने हातातल्या शर्टाची घडी घातली. मोडली. पुन्हा घातली.

"नाही मावशी. आदल्या दोन्ही दिवशी विमानात जागाच नव्हती. बुधवारची तेवढी कशीबशी मिळाली."

मावशींचे खांदे सैलावले. "तरीच. नाहीतर रस्ता तो केवढा, चारच तासांचा."

"हो," ती म्हणाली. "नऊला सुटते, एकला लागते."