मी नाही म्हटलंच नव्हतं

मित्रांनो, मी रक्तपेढीतला एक जुना सर्व्हर आहे. सर्व्हर म्हणजे इतर संगणकांना माहिती पुरवणारा संगणक. रक्त देण्याच्या खिडकीवरचा संगणक मला विचारतो आणि मी सांगतो: ही पिशवी कोणत्या गटाची, तिची तपासणी झाली का, ती रुग्णाला देता येईल का. मी सांगितल्याशिवाय एकही पिशवी फ्रिजबाहेर जात नाही.

नवा होतो तेव्हा सगळे मला फुलासारखं जपत. पुढे माझ्या डोक्यावर खोकी चढली. माझा छोटा पडदा जागा अडवतो म्हणून भिंतीकडे तोंड करून ठेवला गेला. आणि माझ्या सगळ्या दुखण्यांवर एकच औषध ठरलं: बंद करा, चालू करा.

त्या दुपारी मी एक नोंद लिहीत असतानाच वीज गेली. ती परत आली तेव्हा माझ्या आतली माहिती अर्धवट लिहिलेली होती. अशा वेळी मला आधी सगळं तपासून, जुळवून घ्यावं लागतं. तोवर मी कुणालाही दार उघडत नाही. चुकीची पिशवी गेली तर?

पण खिडकीवरच्या संगणकावर अक्षरं उमटली: 'सर्व्हरने जोडणी नाकारली.'

खिडकीपाशी एक बाप उभा होता. त्याच्या मुलीचं ऑपरेशन चालू होतं आणि तिचा रक्तस्राव थांबत नव्हता.

"नाकारली म्हणजे काय?" त्याचा आवाज चिरकला. "पिशवी तर मला इथून दिसतेय!"

"दिसतेय हो, पण तपासणीचा निकाल यात अडकलाय," रक्तपेढी सांभाळणाऱ्या मावशी म्हणाल्या. त्यांनी वायर हलवून पाहिली आणि माझं बटण दाबलं.

माझं काम निम्म्यावर आलं होतं. ते वाया गेलं. मी पहिल्यापासून सुरुवात केली. पुन्हा तीच अक्षरं, पुन्हा बटण. मला ओरडावंसं वाटत होतं, पण मला तोंड कुठलं? पंख्याची घरघर तेवढी वाढली.

"गुरगुरतोय बघा कसा मेला!" मावशी रडकुंडीला आल्या. त्यांनी संगणक दुरुस्त करणाऱ्या आपल्या भाच्याला फोन लावला.

"मावशी, त्याच्या पडद्यावर शेवटची ओळ काय आहे?"

"त्याला पडदा आहे?"

खोकी खाली उतरली. पडदा वळला. मावशींनी वाचलं, "'दुरुस्ती सुरू आहे. थांबा.'"

"मग थांब ना, माझे आई! किती वेळा बंद केलंस त्याला?"

बटणाकडे गेलेला हात मावशींनी मागे घेतला.

"आता बटणाला बोटसुद्धा लावू नकोस."

"अहो, काहीतरी दाबा ना!" बाप हात जोडून म्हणाला.

मावशी माझ्यासमोर खुर्ची ओढून बसल्या, दोन्ही हात मांडीखाली दाबून. ऑपरेशन थिएटरमधून फोन वाजत राहिला. मी जीव तोडून एकेक नोंद जुळवत होतो. मित्रांनो, इतका वेळ मला पूर्वी कुणी दिला नव्हता, आणि आज दिला तो त्या मुलीच्या वाट्याचा होता.

शेवटी मी दार उघडलं. निकाल उमटला: देण्यास योग्य. पिशवीची पेटी छातीशी धरून बाप धावत सुटला.

पुढचं मला दिसत नव्हतं. मी वाट पाहत राहिलो. संध्याकाळी मावशींनी माझ्यात लिहिलं: 'रक्त चढवलं. मुलगी शुद्धीवर.' मुलगी शुद्धीवर आल्याचं लिहायला माझ्यात रकानाच नाही. मावशींनी ते शेऱ्यात बसवलं.

आता माझा पडदा खोलीकडे तोंड करून आहे. मित्रांनो, एखादं यंत्र गप्प झालं तर त्याला धपाटा घालण्याआधी एकदा त्याच्याकडे नीट बघा. कदाचित ते तुमच्यासाठीच धडपडत असेल.