दुसऱ्या खोलीचं भाडं

इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला असताना मी फ्लॅट घेतला, असं सांगितलं की लोक हसतात. हसू द्या. शहराला लागूनच्या सातारा परिसरात दोन बेडरूमचा फ्लॅट हाय, कर्ज माझ्या अन् पप्पांच्या नावावर. पप्पा वाळूजच्या कंपनीत पर्मनंट, म्हणून बँकेनं दिलं. स्वतः राहणाऱ्याला व्याज कमी पडत होतं. म्हणून एका खोलीत मी राहणार, दुसरी दोघी पोरींना भाड्यानं देणार अन् त्यातून हप्त्याला हातभार लावणार. हे चालतं का, असं मी बँकेतल्या साहेबांना स्पष्ट विचारलं होतं. तुम्ही राहताय ना, मग चालतं, म्हणले. पप्पांच्या मनात होतं की सगळाच फ्लॅट भाड्यानं द्यावा अन् मला हॉस्टेलला ठेवावं. मी ठणकावून सांगितलं, बँकेला खोटं सांगून घर घ्यायचं नाय.

ठरलेल्या भाडेकरू, मेघा अन् तनुजा, रविवारी सामान घेऊन येणार होत्या. शनिवारी लासूर स्टेशनहून द्वारकाआत्या आली, पप्पांची थोरली बहीण. सोबत तिची पोरगी सोनिया, इथल्याच कॉलेजात प्रवेश मिळालेली, अन् गादी, कुकर, लोणच्याची बरणी. आत्यानं सरळ दुसऱ्या खोलीत गादी पसरली. मामाचं घर शहरात असताना भाचीनं भाड्यानं राहायचं व्हय, असं तिचं म्हणणं. खोली लावायला आलेले पप्पा खाली मान घालून चहा पीत राहिले. बहिणीपुढं त्यांचं तोंडच उघडत नाय.

मला लई राग आला. मी आत्याला फाडफाड ऐकवलं. ही खोली फुकट गेली तर हप्ता थकणार, हप्ता थकला तर घर जाणार. राहायचं असंल तर सोनियानंही भाडं द्यावं. सोनिया रडवेली झाली. आत्या काही चिडली नाय. पदरानं घाम पुसत तिनं विचारलं, "अपेक्षा, बँकेनं सगळेच पैसे दिले का गं?"

"नाय. वरचे आपण भरले. फुलंब्रीचं रोडकडचं वावर विकलं ना."

"त्या वावरात माझा हिस्सा होता. तुझ्या बापानं मागितला, मी सही करून सोडून दिला. त्या बदल्यात एक लुगडं घेतलं. आज पोरीसाठी खोली मागते, तर भाडं?"

मी पप्पांकडं पाहिलं. त्यांनी कप खाली ठेवला, पण नाय म्हणले नाय. मला यातलं काहीच ठाऊक नव्हतं. माझ्या अकलेनं घर झालं म्हणून मी गावभर मिरवत होते. लाज वाटली, खरं सांगते. पण भाड्याची खोली सोडली असती तर घर गेलं असतं, अन् त्यासोबत आत्याचा हिस्साही.

मी सोनियाची गादी उचलली अन् माझ्या खोलीत माझ्या पलंगाशेजारी टाकली. म्हणलं, दुसऱ्या खोलीत उद्या भाडेकरू येणार म्हणजे येणार. सोनिया शिक्षण होईपर्यंत माझ्याजवळ राहील, अन् तिला भाडं नाय.

आत्याचे डोळे भरले. पोरी, लई उपकार झाले तुझे, म्हणली.

"उपकार कसले आत्या, तुझा हक्कच हाय. अन् पप्पा, कर्ज फिटलं की घरावर आत्याचंही नाव लावायचं."

"व्हय," पप्पा म्हणले, पहिल्यांदा बहिणीकडं बघून.

आत्यानं मान हलवली. "माझं नको. सोनियाचं लावा. ती माझ्यासारखी सोडून द्यायची नाय."